केडगांवच्या पंडिता रमाबाई

काष्टीहून भीमा ओलांडून दौंडास यावें आणि तेथून पुण्याच्या आगगाडींत बसावें, म्हणजे थोड्याच वेळांत केडगांव स्टेशन लागतें. (नगराजवळचें केडगांव तें हें नव्हे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.) पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन येथेंच आहे. इतक्या जवळ राहून गेलेल्या ह्या बाईंविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस एक नांव व एक छायाचित्र ह्यांपलीकडे फारसें ठाऊक नसतें, म्हणून त्यांच्या चरित्रांतील कांहीं गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईनें तें मुलीस दिलें. दुष्काळांत आईबाप गेले. मग रमाबाई व त्यांचे बंधु पायींच देशभर हिंडलीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढें बंधु वारले, १८८० सालीं बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं जातीबाहेर विवाह झाला, आणि १८८२ त पतीही निवर्तले. लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्याच वर्षीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनापुढें साक्ष देऊन स्त्रियांकरितां शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असें निर्भयपणें सांगितलें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, व वाँटेज येथें २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण त्याबरोबर त्यांनीं आपली विचारशक्ति कोणाच्याही हवालीं केली नाहीं. पेहराव हिंदी, आहार शाकाहारी. आणि पटल्यावांचून एखादें मत स्वीकारावयाचें नाहीं, मग तें सांगणारा बिशप कां असेना! चेल्टनहॅमच्या कॉलेजांत शिकत असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस देशी भाषा शिकवाव्या अशी सूचना निघाली. हिंदुस्थानांतील बिशपांनीं ती अनुचित मानली. ज्या बाईंनीं भर सभेंत शास्त्र्यांपुढें भाषणें केलीं होतीं, त्यांना हें कसें रुचावें? आपला विरोध त्यांनीं पत्रांतून स्पष्ट कळविला. पण वाँटेजच्या भगिनींचें प्रेम मात्र त्या विसरल्या नाहींत. ही गोष्ट जुनी खरी. तथापि शाळेच्या मैदानाची वेळ वांटतांना आधीं मुलांची सोय पाहावी आणि उरलें तर मुलींस द्यावें, ही रीत पुष्कळ ठिकाणीं अजून आहे, आणि मुलींनीं त्याबद्दल विचारलें तर तें उद्धटपणाचें वाटतें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांनीं विधवांकरितां शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें धर्माची सक्ति नव्हती, व ब्राह्मण मुलींच्या सोंवळ्याचीही सोय होती. परंतु रमाबाईंची स्वतःची प्रार्थना उघड्या दारानें चाले आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. ह्यावरून १८९३ सालीं मोठें वादळ झालें. केसरीनें कडक टीका केली, रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि वीसांहून अधिक मुलींस पालकांनीं काढून नेलें. पालकांची भीति अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. आपली मुलगी दुरावेल हें भय कोणाही बापास वाटेल. पण रमाबाईंनीं दार लावून घेतलें नाहीं आणि कोणा मुलीस आंत ओढलेंही नाहीं. ह्याच सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिंदुच राहिल्या. त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि तो जुळून येण्यांत रमाबाईंचें साह्य होतें. कर्व्यांनीं पुढें १८९६ सालीं विधवांसाठीं स्वतःचा आश्रम काढला.

१८९७ त पुण्यास प्लेग असतां इस्पितळांत स्त्रियांची होणारी हेळसांड रमाबाईंनीं वृत्तपत्रांत पत्र लिहून उघडकीस आणिली. राज्यकर्ते ख्रिस्ती, आणि बाईही ख्रिस्ती. तेव्हां गप्प बसणें किती सोयीचें होतें! गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट ह्यांच्याकडून तें म्हणणें नाकारलें गेलें, तरी त्यांनीं तें मागें घेतलें नाहीं.

त्याच सुमारास मध्य प्रांतांतील दुष्काळांतून त्यांनीं शेंकडों मुली उचलून आणिल्या, व केडगांवच्या माळावर मुक्ति वसली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सर्व कांहीं तेथें उभें राहिलें.

अखेरचीं वर्षें हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर करण्यांत गेलीं. १९२१ सालीं मनोरमा वारल्या. म्हातारी आई काम करीतच राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. मुक्तींतील स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलेलें तें शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें.