ताइची ओनो : लागेल तेवढंच बनवायला शिकवणारा माणूस



गोदाम मालाने भरलेलं दिसलं की धंदा जोरात आहे असं आपल्याला वाटतं. पण तो माल विकला गेला नाही, तर त्यात अडकलेला पैसा कारखाना बुडवू शकतो. जपानच्या ताइची ओनो यांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९१२ रोजी चीनमधील दालियन शहरात झाला. नागोया येथे तांत्रिक शिक्षण घेऊन १९३२ साली ते टोयोडा घराण्याच्या कापड उद्योगात लागले. १९४३ मध्ये ते मोटार कारखान्यात आले.

महायुद्धानंतर जपान कंगाल झाला होता. १९४९-५० साली टोयोटाच्या गाड्या विकल्या जाईनात. संप झाला, दीड हजारांहून जास्त कामगारांना काम सोडावं लागलं आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. न खपणारा माल बनवत राहिलं की शेवटी माणसांची भाकरी जाते, हा धडा ओनोंनी घेतला.

त्यांना कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून. गिऱ्हाईक फळीवरून हवं तेवढं उचलतं आणि दुकानदार तेवढंच परत भरतो. ओनोंनी पुढच्या विभागाला गिऱ्हाईक मानलं. सुट्या भागांच्या पेटीला एक कार्ड लावलं, त्याचं नाव कानबान. पुढच्याने भाग वापरायला घेतले की कार्ड मागे जायचं. कार्ड आलं तरच नवीन भाग बनवायचे, नाहीतर थांबायचं!

आपल्या शाळेतला पोषण आहार आठवा. पटावरची संख्या बघून भात शिजवला तर उरतो, त्या दिवशीची हजेरी बघून शिजवला तर बरोबर पुरतो. तसंच हे आहे.

हे काम सोपं नव्हतं. साठा कमी केला की एक यंत्र बंद पडलं तरी पुढचं काम अडतं. कामगारांनाही जुनी सवय मोडणं जड गेलं. पण ओनोंच्या मते साठ्याखाली दोष लपतात, म्हणून ते उघडे पडलेलेच बरे. ही पद्धत कंपनीभर पसरायला सुमारे दहा वर्षं लागली. १९७३ च्या तेलसंकटात टोयोटा इतरांपेक्षा लवकर सावरली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. २८ मे १९९० रोजी ओनो यांचं निधन झालं.

वर्गात मुलांना एवढंच विचारा : आपल्या घरात गरजेपेक्षा जास्त आणून वाया जाणारी वस्तू कोणती? उत्तरं मुलंच देतील.