विजय सॅम्युअल हजारे

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांस काय प्राप्त झाले हे आपण आवर्जून सांगतो. त्यांच्या हातून काय हिरावले गेले, याचा हिशेब मात्र सहसा मांडीत नाही. विख्यात क्रिकेटपटू विजय हजारे यांचे अल्पचरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो, ते मुख्यतः या दुसऱ्या हिशेबासाठी. ऐन उमेदीच्या वर्षांत महायुद्धाने ज्यांची वाट अडविली, आणि तरीही ज्यांनी हातातील बॅट खाली ठेविली नाही, अशांपैकी ते एक होत.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका महाराष्ट्रीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, आणि घरात आठ भावंडे. अशा घरी खेळाचे कौतुक होण्यास फारसा अवकाश नसतो. तथापि मुलाचे उपजत कसब लपून राहिले नाही. एकोणिसाव्या वर्षी, १९३४-३५ साली, रणजी करंडक स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात ते महाराष्ट्राच्या संघातून खेळू लागले. पुढे ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हिंदुस्थानात आले असता त्यांचे मार्गदर्शन हजारे यांस लाभले. स्वभाव अत्यंत लाजाळू, बोलणे मोजके. परंतु मैदानावर उभे राहिले म्हणजे एकाग्रता अशी की, गोलंदाजाने कंटाळावे पण यांनी कंटाळू नये.

अशा रीतीने कीर्तीचे दार उघडण्याची वेळ आली, तोच १९३९ सालचा सप्टेंबर महिना उजाडला. त्या महिन्यात जगातील क्रीडांगणांवर काय घडले, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घेण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा नवा हंगाम २६ ऑगस्ट रोजी सुरू झाला होता. प्रत्येक संघाचे जेमतेम तीन सामने झाले असतील, नसतील, तोच ३ सप्टेंबर रोजी युद्ध पुकारले गेले आणि सारी स्पर्धा थांबली. तिन्ही सामने जिंकून ब्लॅकपूलचा संघ पहिल्या विभागात अग्रस्थानी होता. परंतु तो हंगामच अधिकृत नोंदींतून पुसला गेला. लीग पुन्हा रीतसर सुरू व्हावयास १९४६ साल उजाडावे लागले. सात वर्षे! फुटबॉलपटूच्या आयुष्यात सात वर्षे म्हणजे बहुधा संपूर्ण तारुण्यच होय.

क्रिकेटची कथा याहून निराळी नव्हती. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर स्वारी केली त्याच दिवशी, होव्ह येथील मैदानावर यॉर्कशायरचे डावखुरे गोलंदाज हेडली व्हेरिटी यांनी केवळ नऊ धावा देऊन ससेक्सचे सात गडी बाद केले. हेच व्हेरिटी १९३३-३४ साली जार्डिन यांच्या संघातून हिंदुस्थानात खेळून गेले होते. त्या सामन्यानंतर ते सैन्यात दाखल झाले, आणि १९४३ च्या जुलै महिन्यात इटलीमध्ये युद्धातील जखमांनी त्यांचा अंत झाला.

त्याच १९३९-४० च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर यावयाचा होता. युद्धामुळे तो दौरा रद्द झाला. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत, सुमारे दहा वर्षे, हिंदुस्थान एकही कसोटी सामना खेळू शकला नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा हजारे चोवीस वर्षांचे होते. संपले तेव्हा तीस वर्षांचे. फलंदाजाची नजर, पाय आणि मनगट ही तिन्ही ज्या वयात उत्तम चालतात, नेमके तेच हे वय. सांगलीच्या या तरुणाने युद्ध पुकारले नव्हते, की ते थांबविणे त्याच्या हाती नव्हते. त्याच्या हाती उरली ती देशातील मैदाने. ती सुदैवाने उघडी होती, आणि त्यांवर त्याने काय केले ते पाहा.

१९३९-४० च्याच हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढिल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यात भारतीय खेळाडूने केलेले हे पहिले त्रिशतक होय. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी व त्याच्या पुढच्या वर्षीही रणजी करंडक जिंकिला. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातील वाचकांस पुणे काही परके नाही. त्या पुण्याच्या मैदानावरील हा पराक्रम आपल्या घरचाच म्हणावयाचा. पुढे हजारे बडोदे संस्थानच्या आश्रयास गेले व अखेरपर्यंत बडोद्याचेच होऊन राहिले.

डिसेंबर १९४३ मधील मुंबईची पंचरंगी स्पर्धा तर विशेष स्मरणीय आहे. त्या काळी हे सामने जातिधर्मवार संघांमध्ये होत, आणि हिंदी ख्रिस्ती खेळाडूंचा समावेश इतरेजनांच्या संघात होई. अशा विभागणीस महात्मा गांधींसह अनेकांचा विरोध होता, व अखेर १९४६ साली ही स्पर्धा बंद पडली, हे योग्यच झाले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५८१ धावांचा डोंगर रचिला. इतरेजनांचा पहिला डाव १३३ धावांतच आटोपला. दुसऱ्या डावातही भराभर गडी पडू लागले, तेव्हा हजारे यांच्या साथीस त्यांचे धाकटे बंधू विवेक उभे राहिले. दोघांनी मिळून तीनशे धावांची भर घातली. तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा! विजय हजारे ३०९ धावांवर बाद झाले, आणि संघाची एकूण धावसंख्या झाली ३८७. सामना एक डाव व ६१ धावांनी गमावला गेला. परंतु पराजित संघातील त्या एका खेळीचेच स्मरण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. भावास साथ देणाऱ्या विवेक यांच्या २१ धावाही आम्हांस कमी मोलाच्या वाटत नाहीत.

अखेर १९४६ च्या जून महिन्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लॉर्ड्‌सच्या मैदानावर हजारे यांनी कसोटीत पदार्पण केले. त्याच दौऱ्यात यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४४ धावा काढिल्या. व्हेरिटी मात्र त्या संघात आता नव्हते. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासह त्यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. कोणत्याही जोडीचा तो विश्वविक्रम २००६ सालापर्यंत अबाधित राहिला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघापुढे भारताचा मोठा पराभव झाला. तथापि लिंडवॉल व मिलर यांच्या तोफखान्यास तोंड देऊन हजारे यांनी पहिल्या डावात ११६ व दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे कर्णधारपद त्यांच्याकडे आले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडचा एक डाव व ८ धावांनी पराभव करून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्याच वर्षी लीड्‌स येथे दुसऱ्या डावात एकही धाव न होता भारताचे चार गडी बाद झाले असता, या शांत कर्णधाराने अर्धशतक झळकावून संघाची लाज राखिली. १९५३ साली ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले.

तीस कसोटींत २,१९२ धावा व सात शतके. प्रथम दर्जाच्या सामन्यांत साठ शतके, शिवाय गोलंदाज म्हणून ५९५ बळी, अशी ही कमाई आहे. १९६० साली त्यांस पद्मश्री किताब मिळाला. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे त्यांचे देहावसान झाले. देशातील एकदिवसीय सामन्यांच्या प्रमुख स्पर्धेस आज त्यांचे नाव दिलेले आहे.

ही कमाई वाचताना तिच्याशेजारी त्या रिकाम्या वर्षांचा रकानाही वाचावा, अशी आमची विनंती आहे. तो रकाना कोणत्याही शतकाने भरून निघत नाही. युद्ध संपल्यावर मैदाने परत मिळतात, वर्षे मिळत नाहीत. आणि व्हेरिटींसारख्यांस तर मैदानही परत मिळाले नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी पावसाने सामना थांबला म्हणजे आमचे विद्यार्थी हिरमुसले होतात, ते स्वाभाविकच आहे. परंतु पाऊस उघडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यष्ट्या रोवता येतात. शांततेच्या काळात वाढणाऱ्या मुलांस लाभलेले हे केवढे मोठे धन आहे, ते हजारे यांच्या चरित्रावरून मुलांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ओळखावे.