भाकरी बायजाबाईंची, हंडी बाबांची

रमजानचे रोजे फर्ज आहेत, पण मुसाफिराला त्यातून सवलत आहे. सुटलेले रोजे त्याने नंतर पुरे करायचे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायची, त्यांतही वाटेवर अडलेला मुसाफिर येतो. परक्या गावात माणसाला मुख्यतः दोनच गोष्टी लागतात, पाठ टेकायला जागा आणि कुणाच्या तरी चुलीवरची भाकरी. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाने या दोन गोष्टी देऊन एका मुसाफिराला कायमचे ठेवून घेतले. ते शिर्डीचे साईबाबा.

धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या नात्यातले लग्न शिर्डीत होते. त्या वऱ्हाडाबरोबर हा तरुण फकीर गावात आला, असे साईसच्चरितात आहे. खंडोबाच्या देवळापाशी पुजारी म्हाळसापतींनी त्यांना साई म्हणून हाक मारली आणि तेच नाव राहिले. दुसरी एक हकिकत सांगतात, की फकिराने देवळात मुक्कामाला जागा मागितली, तेव्हा वेशावरून मुसलमान समजून याच म्हाळसापतींनी नकार दिला. पुढे गावातली पडकी मशीद हेच फकिराचे घर झाले.

सुरुवातीला ते रानात कुठेही बसलेले असत. कोते पाटलांच्या घरच्या बायजाबाई भाकरी-भाजीची पाटी डोक्यावर घेऊन काट्याकुट्यांतून त्यांना शोधत जायच्या. सापडले की पान मांडून समोर बसून जेवू घालायच्या. नाव, गाव, जात यांची चौकशी त्यांनी आड येऊ दिली नाही. बाबांनीही ते ऋण जन्मभर मानले. बायजाबाईंचा मुलगा तात्या त्यांना मामा म्हणत असे.

पुढे बाबा स्वतः दारोदार जाऊ लागले. कोते, शेळके, गोंदकर, नंदराम मारवाडी अशी त्यांची ठरलेली घरे होती. भाकरी झोळीत घ्यायची, ताक, कालवण, भाजी टमरेलात. मशिदीत आल्यावर सगळे एका मातीच्या भांड्यात ओतायचे. मग कोणत्या घरची भाजी कोणती, हे ओळखू येत नसे. त्यातच कुत्री-मांजरे तोंड घालीत, मशीद झाडणारी बाई चार तुकडे घेऊन जाई. बाबांनी कुणालाही हुसकले नाही.

पण हा पाहुणा नुसता घेणारा नव्हता. मनात आले की ते बाजारात जाऊन धान्य, मसाला स्वतः निवडून आणीत. मशिदीच्या अंगणात चूल पेटे. एक हंडी 50 माणसांची, दुसरी 100 माणसांची. मसाला ते स्वतःच्या हाताने वाटीत. कधी गोड भात, कधी मटणाचा पुलाव, कधी जोंधळ्याच्या पिठाची ताक घातलेली आंबील. हंडी उतरली की मौलवी फातिहा देत. मग वाढताना ज्याला मांस चालते त्यालाच ते मिळे. ज्याला चालत नाही, त्याच्यावर कधी जबरदस्ती झाली नाही.

आणि कुणाला वाढण्याआधी दोन वाटे बाजूला काढून पाठवले जात. एक तात्यांना, म्हणजे रानात भाकरी आणणाऱ्या बायजाबाईंच्या मुलाला. दुसरा म्हाळसापतींना. देवळात जागा नाकारल्याची हकिकत ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच फकिराच्या हंडीतला पहिला मान! हेच म्हाळसापती आणि तात्या पुढे वर्षानुवर्षे रात्री मशिदीत बाबांच्या सोबतीला झोपत.

1910 च्या सुमारास भक्तांचे नैवेद्य इतके येऊ लागले, की हंडी चढवायची गरज उरली नाही. 15 ऑक्टोबर 1918 रोजी बाबा गेले. त्या दिवशी दसरा होता, आणि मोहरमचा महिनाही चालू होता. आज शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो लोक पंगतीला बसतात, आणि शेजारी कोण बसला आहे हे कुणी विचारत नाही.

खाल्लेल्या भाकरीची परतफेड बाबांनी हंडी चढवून केली, तीही समोरच्याच्या पथ्याची आठवण ठेवून. दिवाळीचा फराळ आपण शेजाऱ्यांकडे हक्काने खातो. या रमजानात एका संध्याकाळी त्यांना इफ्तारला बोलवावे. दस्तरखानावर खजूर आणि फळे असतातच. जो मांस खात नाही, त्याच्यासाठी एक भांडे वेगळे ठेवावे. शिर्डीच्या मशिदीतही ज्याला मांस चालते त्यालाच ते मिळत होते.