फुलामुलांचा कवी आणि देवाचा दरबार

मालगुंड म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. शेजारचं गणपतीपुळे आणि केशवसुत. त्यात गणपतीपुळे आमच्या गावाचं नव्हेच, त्यामुळे आमच्या वाट्याला उरले केशवसुत! 1994 साली कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांच्या जन्मघराचं स्मारक केलं, कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून सहलीच्या बसेस आमच्याकडेही थांबू लागल्या. गावातल्या पोरांना केशवसुतांवर भाषण पाठच असतं. मी स्वतः शाळेत तीन वेळा केलंय. म्हणून या वर्षी मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी केशवसुतांवर न लिहिता त्यांच्या एका मित्रावर लिहायचं ठरवलं. हा मित्रही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला, कवीच, आणि त्याचं आयुष्य तर एखाद्या कादंबरीला मागे टाकेल असं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. (लोकमान्य टिळक वेगळे. हा घोळ दर वेळी होतो म्हणून आधीच सांगून टाकते.)

शाळेच्या पुस्तकात त्यांची 'केवढें हें क्रौर्य' ही कविता बऱ्याच जणांनी वाचली असेल. 'फुलामुलांचे कवी' असं त्यांना म्हणतात. पण नुसतं एवढंच ठाऊक असणं म्हणजे इंजिनाचा रंग तेवढा बघून परत येण्यासारखं आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, दापोलीकडच्या करजगावचा. घर कर्मठ चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव तापट, आई जानकीबाई देवभोळी आणि कवितेची आवड असलेली. मुलगा साधारण अकरा वर्षांचा असताना आई गेली आणि घराशी असलेला त्याचा धागा तिथेच तुटला. तो घराबाहेर पडला आणि नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, पुढे थोडं इंग्रजी शाळेतही गेला. डिग्री वगैरे काही नाही. पण संस्कृत असं पक्कं की पुढे आयुष्यभर त्याच्यावर पोट भरता आलं, निदान भरायचा प्रयत्न करता आला.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची बायको. लग्नात तिचं वय अकराच्या आसपास, यांचं अठरा-एकोणीस. सासरी ती लक्ष्मी झाली. याच त्या 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई टिळक! माझं प्रामाणिक मत असं आहे की त्यांनी ते पुस्तक लिहिलं नसतं तर टिळक आपल्याला फक्त एक मोठे रेव्हरंड म्हणून भिंतीवरच्या फोटोतच दिसले असते. लक्ष्मीबाईंनी त्यांना फोटोतून खाली उतरवलं. घरात लागणारं सामान आणायला जाऊन भलतीच शोभेची वस्तू घेऊन येणारा, खिशात असेल नसेल ते भिकाऱ्याला देऊन टाकणारा, नोकरी धरली की चार महिन्यांत सोडणारा, रागावला की घरातून चालता होणारा आणि राग उतरला की लहान मुलासारखा रडणारा नवरा त्यात आहे. त्याच्या पाठोपाठ ट्रंका उचलून गावोगाव फिरणारी बायकोही आहे. वाचताना हसू येतं आणि मग जरा वेळाने लक्षात येतं की हसण्यासारखं त्यात फार थोडं होतं.

या भटकंतीत टिळकांनी काय केलं नाही? मास्तरकी केली, पुराण सांगितलं, कीर्तन केलं, छापखान्यात काम केलं. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते काही काळ होते, तिथे संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं. केशवसुतांची आणि त्यांची ओळख नागपूरचीच. केशवसुत तेव्हा शिकणारं पोर, टिळक त्यांच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे. केशवसुतांच्या कवितेवर टिळकांच्या सहवासाचा परिणाम झाला असं जाणकार मानतात. दोन रत्नागिरीकर, एकाने 'तुतारी' लिहिली आणि दुसऱ्याने फुलांवर लिहिलं, पण जातपात आणि जुनाट रूढी यांच्यावरचा राग दोघांचाही सारखाच.

आता मुख्य गोष्ट. 1893 च्या सुमारास टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. गप्पा सुरू झाल्या, संस्कृत काव्यावर बोलणं झालं, आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार भेट दिला. वर असंही सांगून टाकलं की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते अर्थातच पटलं नाही. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी जे अडकले ते अडकलेच. पुढे खूप पत्रव्यवहार, वाद, शंका झाल्या. शेवटी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी हट्टाने सांगितलं की बाप्तिस्मा मला गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, आपल्या माणसाच्या हातून हवा. तो रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी दिला. पुढच्या सगळ्या आयुष्याचा नकाशा मला या एका हट्टात दिसतो.

लक्ष्मीबाईंना यातलं काहीच आधी सांगितलेलं नव्हतं. इथे मात्र मी टिळकांच्या बाजूने नाही. सत्य सापडलं म्हणून माणसाने सगळं सोडावं हे ठीक, पण ज्या बाईचं सगळं जग आपल्याभोवती फिरतंय तिला ते दुसऱ्यांकडून कळावं? नवरा जिवंत आणि तरी नसल्यासारखा. तिला ना विधवा म्हणता येत ना सवाष्ण. लहान मुलाला घेऊन ती नातेवाइकांकडे राहिली, पंढरपुरातही राहिली. त्या दुःखातच तिला कविता सुचू लागली. टिळक पत्रं पाठवत, भेटायला येत. काही वर्षांनी ती नगरला त्यांच्याकडे गेली. तीही आपल्या अटीवर! धर्म बदलणार नाही, सोवळं सोडणार नाही, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी सगळं मान्य केलं आणि कसलीच जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवं. मग एक दिवस बसल्या बसल्या विचार करताना तिला आपोआप वाटलं की जात ही देवाने केलेली नाही, माणसानेच केलेली असणार. तिने सगळ्यांच्या हातचं खायला सुरुवात केली. 1900 साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या प्रवचनाने जे झालं नसतं ते तिच्या स्वतःच्या डोक्याने झालं.

नगर म्हणजे अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं ते मोठं ठाणं. 1842 मध्ये सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे मिशनचं पत्र तिथलंच, आणि पुढे त्याच्या मराठी भागाचं संपादन टिळकांनी अखेरपर्यंत केलं. तिथल्या मंडळीत (चर्चच्या सभासदांना मराठी ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात, मला हा शब्द फार आवडला) बहुसंख्य लोक दलित समाजातून आलेले. म्हणजे करजगावच्या ब्राह्मणाचं नवं गणगोत हे ज्यांची सावली त्याच्या वडिलांनी टाळली असती त्यांचं. टिळक त्यांच्यात शिकवायला होते, पुढे पाळकही झाले. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनकडे अनाथ मुलांची रीघ लागली होती, त्या मुलांमध्ये हे दोघं राबले. प्लेगच्या काळातही.

मंडळी जमली, पण गायची काय? तेव्हा चर्चमध्ये बऱ्याच वेळा विलायती चालीवर बसवलेली मराठी भाषांतरं गायली जात. चाल तिकडची, शब्द इकडचे. ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करून कसंतरी बसवलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मेट्रिकच्या नटाला इंचाचा बोल्ट. जोर लावला तर आत जातो, पण आटे खराब होतात. खेड्यातून आलेल्या माणसाला ते आपलं कसं वाटणार? टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदं लिहिली. टाळ-मृदंगावर भजन आणलं. ख्रिस्ती कीर्तन नगरकडच्या मंडळींनी त्यांच्या आधीच सुरू केलं होतं, त्यामुळे ते श्रेय सगळंच्या सगळं टिळकांना देऊ नये. पण त्यात खरा कवी उतरला तो टिळकांमुळे. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची शंभरावर गाणी आहेत. हा आकडा वाचून मी थक्क झाले. सबंध समाज ज्याची गाणी रविवारी सकाळी पाठ म्हणतो, असा कवी मराठीत संतांनंतर किती जणांना होता आलं?

कवितेच्या जगाशीही त्यांनी नातं तोडलं नाही. 1907 मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, त्यात टिळकांचा पुढाकार होता. तिथेच सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांनी त्या पोराला नगरला आपल्या घरी आणून ठेवलं आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. धर्म बदललेल्या माणसाच्या घरी हिंदू मुलगा राहतो, जेवतो, कविता करतो! त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती.

आता शेवटची दोन वर्षं, ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला. 1917 साली टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय पंचावन्न, पुढे काहीही सोय नाही. मिशनचा पगार घेऊन मिशनचा धर्म सांगणारा माणूस लोकांना परकाच वाटतो, हे त्यांना खूप दिवस बोचत होतं. ते साताऱ्याला संन्याशासारखे राहू लागले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुवर्ग. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत आणि न घेतलेलेही चालत. जात सोडा, पण घर, भाषा, पोशाख, भजन सोडायचं कारण नाही. मिशनमधल्या बऱ्याच जणांना हे झेपलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्न. हिंदूंना वाटलं ही मागच्या दाराने चाललेली धर्मांतराची युक्ती. दोन्हीकडून शिव्या!

मला यावरून जर्मनीतले मोरावियन लोक आठवले. यांच्याविषयी मी मागे वाचलं होतं. 1722 मध्ये काही निर्वासित काऊंट झिंझेनडॉर्फ नावाच्या जमीनदाराच्या जागेत येऊन वसले आणि हेर्नहूट नावाचं गाव झालं. सगळ्यांचा एकत्र राहण्याचा नेम, एकत्र गाणं, साधं काहीतरी वाटून खाण्याचं 'प्रेमभोजन', आणि 1727 पासून पाळीपाळीने चोवीस तास चालवलेली प्रार्थना, ती शंभर वर्षांहून जास्त चालली म्हणतात! आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात पहारे लावतात ना, तसंच. हे लोक पुढे लडाखमध्ये लेहपर्यंत पोचले, तिथे 1885 पासून त्यांची मंडळी आहे. आणि त्यांच्या कामाची वर्णनं वाचून पेटून उठलेला एक इंग्रज चांभार म्हणजे विल्यम कॅरी, ज्याने 1805 मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं नव्हे) मराठीचं व्याकरण छापलं. टिळकांचा दरबार यांच्यावरून बेतला असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यापुढे वारकऱ्यांची दिंडीच असणार. पण हेर्नहूट टिकलं आणि दरबार टिकला नाही, याचं कारण मला साधं दिसतं. तिथे गाव होतं, नेम होते, जमीन होती, वेळ होता. इथे एक आजारी कवी होता आणि त्याच्याकडे दोन वर्षंही नव्हती.

9 मे 1919 ला मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दफन न करता दहन केलं. ख्रिस्ती पाळकाचं दहन! जाता जाताही स्वारीने आपलं तेच केलं. दरबार हळूहळू विस्कटला. पण टिळकांना मानणाऱ्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने 1922 मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' काढला, खादी घालून भारतीय आणि युरोपियन एकत्र राहणारा आश्रम. टिळकांचं इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिलं. आदिवासींमध्ये आयुष्य काढणारे व्हेरिअर एल्विन पहिल्यांदा भारतात आले ते याच संघात.

आणखी एक काम अर्धवट राहिलं होतं. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. तेच लक्ष्मीबाई, जिला लग्नात धड अक्षरओळख नव्हती आणि जिने या येशूपायी नवरा गमावला म्हणून वर्षानुवर्षं रडून काढली होती. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हाही ग्रंथ पुरा झाला नव्हता. शेवटचा अध्याय त्यांचा मुलगा देवदत्त याने लिहिला.