नावानिशी काढलेली भूक

चित्रांतून समाजाला टोचणी लावणाऱ्या कलावंतांचा विषय निघाला की पहिले नाव घेतले जाते ते स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाचे, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच वाटेने चाललेला एक मोठा कलावंत आपल्या मुंबईत, अंधेरीच्या एका खोलीत, सुमारे तीस वर्षे राहिला. चित्तप्रसाद हे त्यांचे नाव. बंगालमध्ये आणि कलेच्या अभ्यासकांत ते आदराने घेतले जाते; आमच्या जव्हार-मोखाड्याकडे मात्र मी ते कोणाच्या तोंडी ऐकलेले नाही. मी वांगणीचा. वांगणीच्या मुलाला हे चरित्र सांगावेसे का वाटले, ते पुढे ओघाने येईलच.

चित्तप्रसादांचे वेगळेपण कळण्यासाठी आधी गोयाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गोयाचा जन्म १७४६ सालचा. १७९९ मध्ये तो स्पेनच्या राजाचा पहिला दरबारी चित्रकार झाला आणि त्याच वर्षी त्याने 'काप्रिचोस', म्हणजे लहरी, या नावाचा ८० चित्रांचा संच विक्रीला काढला. ही चित्रे एचिंगची, ज्याला मराठीत अम्लरेखन म्हणतात. तांब्याच्या पत्र्याला मेणाचा लेप द्यायचा, सुईने त्या लेपावर रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात ठेवायचा. जिथे मेण खरवडले गेले तिथे आम्ल तांबे खाते. मग त्या खाचांत शाई भरायची आणि दाबयंत्रातून एकामागून एक प्रती काढायच्या. या संचात एक गाढव गुरुजी होऊन गाढवाच्याच पोराला शिकवीत आहे, दुसरे वैद्य होऊन रोग्याची नाडी पाहत आहे, तिसरे स्वतःच्या वंशावळीचा ग्रंथ उघडून बसले आहे. एका चित्रात तर दोन माणसे पाठीवर गाढवे घेऊन वाकलेली आहेत. कोणी कोणाला वाहावे याचा उलटा झालेला क्रम पाहून हसू येते, आणि मग ते हसू टिकत नाही. गोयाने ही विक्री काही दिवसांतच थांबवली. १८०३ मध्ये त्याने पत्रे आणि उरलेले संच राजाच्या स्वाधीन केले.

पुढे नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या. १८११-१२ साली माद्रिद शहरात भीषण उपासमार झाली. गोयाने 'युद्धाचे उत्पात' या दुसऱ्या संचात ती कोरून ठेवली. रस्त्यात पडलेली प्रेते, गाडीत चढवली जाणारी शरीरे, आणि भुकेल्यांच्या शेजारी चांगल्या कपड्यांत उभे असलेले सुस्थित लोक त्यात दिसतात. हा संच त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालाच नाही. गोया १८२८ मध्ये वारला. संच बाहेर आला १८६३ मध्ये. त्या चित्रांतील भुकेल्या माणसांना नावे नाहीत. माद्रिदची माणसे, एवढीच त्यांची ओळख.

चित्तप्रसादांचा जन्म १९१५ साली बंगालमधील नैहाटी येथे झाला. आडनाव भट्टाचार्य. जात सांगणारे हे आडनाव त्यांनी पुढे टाकून दिले आणि चित्राखाली नुसते चित्तप्रसाद असे लिहू लागले. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण चितगाव येथे झाले. कलाशाळेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. हात तयार झाला तो स्वतःच्या अभ्यासाने. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते कम्युनिस्ट चळवळीत आले आणि खेडोपाडीच्या सभांसाठी भित्तिचित्रे रंगवू लागले. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला चित्र कळले पाहिजे, ही अट त्यांच्या कलेला पहिल्यापासून लागली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

१९४३ सालचा बंगालचा दुष्काळ हा त्यांच्या आयुष्यातील वळणबिंदू. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरील होड्या जप्त केल्या व तांदळाचे साठे हलवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाने झोडपले. त्यावर साठेबाजांनी धान्य दडवले आणि भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले. वीस ते तीस लाख माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगराईने मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. देवाने पाऊस दिला नाही म्हणून आलेला हा दुष्काळ नव्हता. माणसाच्या निर्णयांचा त्यात मोठा हात होता.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यातून गावोगाव फिरले. वय अवघे २८. सोबत कागद, शाई आणि कुंचला. ओसाड घरे, खानावळीच्या रांगा, पोट खपाटीला गेलेली मुले, भांडीकुंडी विकून निघालेली कुटुंबे त्यांनी जागच्या जागी रेखाटली. परंतु या रेखाटनांतील सर्वांत मोठी गोष्ट मला त्यांच्या कडेला लिहिलेल्या ओळींत दिसते. समोर बसलेला माणूस कोण, गाव कोणते, घरात किती होते आणि किती उरले, हे विचारून ते चित्रावर टिपून ठेवीत. दुष्काळग्रस्त असा शिक्का मारून ते पुढे जात नसत. ज्याचे चित्र काढायचे त्याला नाव आहे, ते आधी विचारले पाहिजे, ही त्यांची रीत होती.

आता वांगणीविषयी. १९९२-९३ साली, आमचा जव्हार तालुका ठाणे जिल्ह्यात असताना, वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. मंत्री आले, अधिकारी आले, वार्ताहर आले. गावाचे नाव राज्यभर गेले. पालघर जिल्हा पुढे २०१४ साली झाला. माझा जन्म त्या घटनेनंतरचा, त्यामुळे ती हकिकत मी वाचली ती आकड्यांत. आजही कोठे गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस पुढचा शब्द कुपोषण हाच उच्चारतो. त्या बालकांची नावे मात्र त्याला सांगता येत नाहीत. ती घरच्यांना ठाऊक आहेत. आकड्यांच्या तक्त्यात त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून मेदिनीपूरच्या त्या रेखाटनांवरील ओळी मी चित्रांपेक्षाही अधिक वेळ पाहत बसलो. भुकेवर लिहिणारे पुष्कळ असतात. भुकेल्याला त्याचे नाव विचारणारा विरळा.

या भ्रमंतीचा वृत्तांत आणि रेखाटने 'हंग्री बेंगॉल' या इंग्रजी पुस्तिकेत प्रसिद्ध झाली. ब्रिटिश सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. गोयाने भीतीपोटी संच मागे घेतला. चित्तप्रसादांनी मागे घेतला नाही, तेव्हा सरकारने तो आगीत टाकला. दोन्ही घटनांचा अर्थ एकच. चित्राची भीती सत्तेला वाटते, आणि ती एका चित्राची नसते, अनेक प्रतींची असते.

हा मुद्दा आपल्याकडील उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. आमच्याकडे लग्नात वारल्यांच्या घरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो सुंदर असतो, पण तो त्या घराचा आणि त्या लग्नाचा. छापाच्या चित्राचे तसे नाही. एका पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून निघालेली प्रत शंभर घरी जाऊ शकते. म्हणूनच गोयाने बोचरे बोलायचे तेव्हा राजदरबाराचे तैलरंग बाजूला ठेवून तांब्याचा पत्रा हाती घेतला, आणि चित्तप्रसादांनी छापखान्याशी व ठोकळ्याशी मैत्री केली.

मुंबईत चित्तप्रसाद पक्षाच्या सँडहर्स्ट रोडवरील कचेरीत आले ते पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्या आग्रहावरून. पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात त्यांची रेखाटने आणि छायाचित्रकार सुनील जाना यांची छायाचित्रे छापली जात. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाचेही तेच दिवस. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'इप्टा' या नाट्यसंस्थेचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे प्रसिद्ध बोधचिन्ह चित्तप्रसादांच्याच हातचे. याच काळात त्यांनी जहाल व्यंगचित्रेही काढली. साम्राज्याचे साहेब, ऐषारामी संस्थानिक, जमीनदार आणि नफेखोर त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. गोयाने गाढवे केली त्यांचीच ही विसाव्या शतकातील भावंडे. फेब्रुवारी १९४६ मधील मुंबईच्या नाविकांचा उठावही त्यांनी चित्रांत आणला.

१९४८ नंतर पक्षाच्या बदललेल्या धोरणाशी त्यांचे जमेना आणि ते पक्षापासून दूर झाले. माणसांपासून मात्र झाले नाहीत. अंधेरीत रुबी टेरेस येथील खोली हेच त्यांचे घर व कार्यशाळा. येथे त्यांनी लाकडावर आणि लिनोलियमवर कोरलेली अनेक चित्रे केली. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरण्याची जाड चादर. नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून घासायचा. अम्लरेखनात शाई खाचेत राहते, येथे उंचवट्यावर. एवढाच काय तो उलटा हिशेब. तांबे नको, आम्ल नको, मोठे यंत्रही नको. गरिबांची चित्रे काढणाऱ्या आणि स्वतःही गरीब असलेल्या कलावंताला यापेक्षा सोयीचे साधन कोणते?

१९५०-६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी शाळेच्या वयात कामाला जुंपलेल्या मुलांवर लिनोचित्रांची मालिका केली. १९६९ मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती पुस्तकरूपाने काढली. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ परीकथांविना देवदूत असा होतो. या मुलांची नुसती चित्रे काढून त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी 'खेलाघर' नावाचा बाहुल्यांचा खेळ उभा केला आणि वस्तीतील मुलांना दाखवला. चेकोस्लोव्हाकियातील मित्रांनी त्यांच्या कामाची कदर केली, आणि प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांची चित्रे गेली. इकडे मात्र ते कलेच्या बाजारापासून दूरच राहिले. आजारपण आणि ओढाताण यांतच उत्तरायुष्य गेले. नोव्हेंबर १९७८ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

जाळलेल्या पुस्तिकेची एक प्रत त्यांच्या कुटुंबाने जपून ठेवली होती. त्या प्रतीवरून २०११ मध्ये पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. जाळणारे सरकार गेले, चित्रातील माणसे गेली, चित्रकारही गेला. मेदिनीपूरच्या त्या माणसांची नावे आज कोणालाही वाचता येतात.

माझ्या मित्रांनो, लिनोचा तुकडा आणि कोरणी यांना फार पैसे लागत नाहीत. आपल्यापैकी अनेकजण पाड्यांवरून येथे शिकायला आले आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, त्याची परवानगी घ्यावी, त्याचे व त्याच्या घरच्यांचे नाव विचारून लिहून घ्यावे, आणि मग चित्राला हात घालावा. पुढच्या वार्षिकांकात अशी दोन पाने जरी आली, तरी चित्तप्रसादांचे चरित्र आपण वाचले असे म्हणता येईल.