वृक्षवैद्य योहाना वेस्टरडाइक

हॉलंड हा सखल देश. तेथे कालव्यांच्या काठी व रस्त्यांच्या दुतर्फा एल्मचे उंच वृक्ष उभे असत. समुद्रावरचे खारे वारे सोसणारा हा वृक्ष लोकांना फार प्रिय होता. परंतु १९१९ च्या सुमारास त्याच्यावर मोठे संकट कोसळले. ऐन उन्हाळ्यात पाने पिवळी पडत, शेंडे वाळत आणि पाहता पाहता भला थोरला वृक्ष मरून जाई. कोणी अवर्षणाला दोष देई, कोणी महायुद्धातील विषारी वायूला. खरे कारण शोधण्याचे काम योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेने हाती घेतले.

योहानाबाईंचा जन्म ४ जानेवारी १८८३ रोजी ॲमस्टरडॅमजवळ झाला. त्यांना पियानोवादनाची विलक्षण आवड होती. पण हाताच्या दुखण्यामुळे तो मार्ग खुंटला. त्या खचल्या नाहीत. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून १९०६ मध्ये त्यांनी झुरिच येथे डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्या वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेच्या संचालिका झाल्या. १९१७ मध्ये उट्रेक्ट विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. हॉलंडमधील त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक होत.

एल्मच्या रोगाचे संशोधन बेआ श्वार्त्स या विद्यार्थिनीकडे आले. रोगट फांदी आडवी कापली, की आत तपकिरी ठिपक्यांचे कडे दिसे. तेथे श्वार्त्सना एक बुरशी सापडली. तिच्यामुळे झाडाच्या जलवाहिन्या तुंबतात आणि मुळाशी पाणी असूनही वृक्ष तहानेने मरतो. १९२२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पण कित्येक विद्वानांना ते पटेना. तेव्हा क्रिस्टीन बाउसमान या दुसऱ्या विद्यार्थिनीने निरोगी झाडांत योग्य ऋतूत तीच बुरशी टोचून तोच रोग उत्पन्न करून दाखविला. शंका फिटली. सालीखाली वाढणारे भुंगेरे हा रोग पसरवितात, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणून मेलेली झाडे वेळीच तोडून त्यांची साल जाळणे हा रोगाला आळा घालण्याचा एक उपाय ठरला.

दुसरा उपाय अधिक चिकाटीचा होता. रोपे वाढवून त्यांना मुद्दाम बुरशी टोचावयाची आणि जी तगतील तीच पुढे जोपासावयाची! १९३६ मध्ये क्रिस्टीनचा अकाली मृत्यू झाला. अशा परीक्षेत टिकलेल्या पहिल्या एल्मला तिचेच नाव देण्यात आले.

योहानाबाईंच्या हाताखाली ५६ विद्यार्थी डॉक्टर झाले. त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. १५ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात याहून घातक बुरशीने युरोपातील असंख्य एल्म मारले. तरी तगणारी झाडे निवडण्याचे काम थांबले नाही. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठी आजही एल्मची सावली पडते.

या रोगाला जगभर डच एल्म रोग म्हणतात. तो हॉलंडमध्ये जन्मला म्हणून नव्हे, तर त्याचे मूळ तेथे उलगडले म्हणून!