काट्याने उलगडलेले कोडे

पायात काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते आणि ठसठसू लागते. कधी तीत पूही धरतो. हा अनुभव माणसाला हजारो वर्षांपासून आहे. परंतु ती सूज म्हणजे शरीराने शत्रूशी मांडलेला संग्राम होय, हे जगाला पटवून देण्यासाठी एका शास्त्रज्ञाला आपले उभे आयुष्य वेचावे लागले. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉफ.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खार्किव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होता. आज तो युक्रेन देशात आहे. बालपणापासूनच त्यांना सृष्टिनिरीक्षणाचा नाद होता. विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि ऐन तारुण्यात ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले.

परंतु घरात सुख नव्हते. त्यांची पत्नी ल्युडमिला क्षयाने अंथरुणाला खिळली आणि १८७३ मध्ये मरण पावली. मेचनिकॉफ यांचे डोळेही इतके अधू झाले, की काही काळ त्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र दूर ठेवावे लागले. पुढे त्यांनी ओल्गा हिच्याशी विवाह केला. १८८० मध्ये तिला विषमज्वराने गाठले. सुदैवाने ती त्यातून उठली. रोगाशी झुंजणारी कोणती शक्ती मनुष्याच्या अंगी वसते, हे त्या काळी कोणत्याही वैद्याला नीट सांगता येत नव्हते.

१८८२ साली नोकरी सोडून ते सहकुटुंब सिसिली बेटावरील मेसिना या गावी राहावयास गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता ते एकटेच घरी बसून तारामाशाची पारदर्शक पिल्ले न्याहाळीत होते. पिल्लांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. एकाएकी त्यांच्या मनात विचार चमकला: या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? ते तत्काळ बागेत गेले, गुलाबाचे काटे घेऊन आले आणि ते त्यांनी पिल्लांच्या अंगात हळूच खुपसले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तो काय! फिरत्या पेशींनी काट्यांना चहूकडून वेढा घातला होता.

अशा पेशी जंतूंना गिळून पचवितात, असे मत मेचनिकॉफ यांनी मांडले. त्यांना भक्षक पेशी असे नाव मिळाले. परंतु अनेक वैद्यांची समजूत उलटी होती. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असे ते मानीत. जर्मनीतील नामांकित शास्त्रज्ञ म्हणत, की जंतूंना मारणारे द्रव्य रक्तरसात असते, पेशींचा त्यात काही वाटा नाही. मेचनिकॉफ डगमगले नाहीत. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. तेथे ते अखेरपर्यंत प्रयोग करीत राहिले. १९०८ साली नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तरसाचा पक्ष घेणारे पॉल एर्लिख या दोघांना मिळून देण्यात आले. दोघांच्याही म्हणण्यात सत्य होते. १९१६ मध्ये मेचनिकॉफ यांचे पॅरिस येथे निधन झाले.

त्यांचे कार्य मात्र तेथे थांबले नाही. पुवात गर्दी करणाऱ्या लहान भक्षक पेशींना आज न्यूट्रोफिल म्हणतात. २००४ साली बर्लिन येथील शास्त्रज्ञांना त्यांचे आणखी एक अद्भुत शस्त्र दिसले. कोळी जसा मासे धरण्यासाठी जाळे टाकतो, तशी ही पेशी आपल्या केंद्रकातील डीएनएचे धागे बाहेर फेकते. त्या धाग्यांना जंतुनाशक द्रव्ये चिकटलेली असतात. जंतू त्यांत अडकतात. पेशीला मात्र बहुधा आपला प्राण द्यावा लागतो.

परंतु हे जाळे दुधारी आहे. ते वाजवीपेक्षा जास्त पसरले किंवा वेळीच विरघळले नाही, तर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि शरीराच्या निरोगी भागांनाही इजा पोहोचते. २०२० मध्ये करोनाने गंभीर आजारी पडलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत अशी जाळी आढळली. रक्षण करणाऱ्या पेशी प्रसंगी आपल्याच शरीरावर उलटतात, असा विचार मेचनिकॉफ यांनीही वृद्धत्वाचा अभ्यास करताना मांडला होता. शस्त्र जवळ असावे, तसाच त्याला आवरही असावा, हे शरीरालाही लागू आहे.

गुलाबाचा काटा सर्वांनाच बोचतो. त्याच्याकडे जिज्ञासेने पाहिल्यामुळे मेचनिकॉफ यांच्या हाती एका नव्या शास्त्राची किल्ली लागली.